आधी मोजा, मग जोडा

मोटारीच्या इंजिनाला चार-पाच जाड रंगीत तारा जोडल्या की पिकअप वाढतो, ॲव्हरेज सुधारतो, हेडलाइट लख्ख होतात आणि टेपचा आवाजही खुलतो, असे सांगून ‘ग्राउंडिंग किट’ नावाची वस्तू गेली कित्येक वर्षे विकली जात आहे. जपानी गाड्यांच्या हौशी मंडळींतून ती जगभर पसरली. आता ॲक्सेसरीजच्या दुकानांतून आणि घरपोच पार्सलांतून ती तालुक्याच्या गावांपर्यंत येते. किंमत काही शे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत. भद्रावती-वरोरा-चंद्रपूर फेऱ्या मारून पोट भरणाऱ्या काळी-पिवळीवाल्याला ही रक्कम लहान नाही. म्हणून या दाव्याचा एकदा सरळ निकाल लावला पाहिजे. आमचे मत स्पष्ट आहे. धडधाकट गाडीत या तारांनी इंजिनाची ताकद वाढत नाही. अर्थिंग बिघडले असेल तर मात्र गाडी हमखास त्रास देते. तो बिघाड मीटर लावून शोधायचा असतो, दुकानातून खोके आणून नव्हे.

आधी वस्तुस्थिती पाहू. घरातल्या अर्थिंगची तार जमिनीत जाते आणि माणसाचा जीव वाचवते. गाडी रबराच्या टायरवर उभी असते, तिच्या अर्थचा जमिनीशी काही संबंध नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून निघालेला करंट दिवा, पंखा, सेल्फ, कॉइल यांतून काम करून ज्या वाटेने निगेटिव्हला परत येतो, ती वाट म्हणजे गाडीचा अर्थ. प्रत्येक वस्तूसाठी परतीची वेगळी तार ओढण्याऐवजी गाडीची लोखंडी बॉडी आणि इंजिनाचा ब्लॉक यांचाच त्यासाठी उपयोग केलेला असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे ब्लॉक आणि बॉडी यांना जोडणारी जाड केबल किंवा तांब्याची विणलेली पट्टी कंपनीतूनच बसवून येते. किट म्हणून जे विकले जाते, ते याच वाटेला जोडलेल्या जादा वाटा आहेत.

या जादा वाटांनी किती फरक पडतो, याचा हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाने मांडता येतो. १६ चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे एक मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा हजारावा भाग भरतो. गाडी धावताना हेडलाइट, पंखा, ब्लोअर, पंप, कॉइल असे सगळे मिळून ४० अँपिअर घेतात असे धरू. एवढ्या करंटला या तारेत ०.०४ व्होल्ट वाया जातील. शेजारी तसलीच दुसरी तार जोडली की ते ०.०२ वर येतील. अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देत असताना पदरमोड करून आपण मिळवले काय, तर एका व्होल्टचा पन्नासावा भाग. एवढ्याने हेडलाइटचा वाढलेला उजेड डोळ्यांना दिसत नाही आणि पंपाला कळत नाही.

इंजिनाची ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा शिरली आणि तिच्या जोडीने किती इंधन जळले यावर. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. तार जोडून हवेचा एक कणही जादा आत जात नाही. ठिणगीचे काम मिश्रण पेटवण्याचे. ते वेळेवर पेटले की ठिणगी आणखी मोठी करून हाती काही लागत नाही. शिवाय आजच्या गाडीतला ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, बॅटरीचे व्होल्टेज सतत वाचत असतो. व्होल्टेज जरा उतरले की कॉइल भरण्याचा आणि इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ तो स्वतःच वाढवून घेतो. सेन्सरांना तो ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा करतो आणि त्यांतल्या बहुतेकांची परतीची तारही थेट त्याच्याकडेच येते. बॉडीला बाहेरून आवळलेली जाड तार त्या वाटेत येतच नाही.

आपल्या भागात तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इथल्या रस्त्यांवर बोलेरो, सुमो, पिकअप अशा डिझेल गाड्यांची मोठी गर्दी असते. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो. हवा जोराने दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. हीटर प्लग असतो, तो थंड इंजिन सुरू करण्यापुरता. ‘प्लगला करंट जोरात मिळेल’ असे सांगून डिझेल गाडीवाल्याला कोणी किट विकत असेल, तर ती उघड फसवणूक आहे आणि तिला दुसरे नाव देण्याची गरज नाही.

मग तारा लावून घेतल्यावर ‘गाडी हलकी झाली’ असे प्रामाणिकपणे सांगणारी माणसे खोटे बोलतात काय? मुळीच नाही. त्यांना फरक जाणवतो आणि त्याला कारणेही आहेत. पहिले कारण असे की, किट बसवणारा कारागीर आधी बॅटरीचे टर्मिनल सोडवतो, घासतो, पुन्हा घट्ट आवळतो. टर्मिनल ढिले किंवा बुरसटलेले असेल, तर खरा गुण तिथेच येतो आणि श्रेय तारांना मिळते. दुसरे कारण, बॅटरी सोडली की बऱ्याच गाड्यांच्या ईसीएमने शिकून साठवलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. इंधनाचे आणि आयडलिंगचे हिशेब तो काही दिवस नव्याने बसवतो आणि तेवढे दिवस गाडी वेगळी वाटू शकते. तिसरे कारण आपल्या मनाचे. पैसे मोजून केलेल्या कामाचा गुण आला पाहिजे असे कोणालाही वाटते आणि पाय ॲक्सिलरेटरवर नकळत जास्त पडतो.

चौथे कारण चंद्रपूर जिल्ह्याच्या हवेचे आहे. जानेवारीच्या पहाटे जिथे पारा १२-१५ अंशांवर असतो, तिथेच मे महिन्याच्या दुपारी तो ४५-४६ अंशांवर चढतो. हवा १५ अंशांवरून ४५ अंशांवर तापली की तिची घनता सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी घटते. टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढी हवा कमी मिळते आणि ओढ जाणवण्याइतकी उतरते. त्यात एसीचा काँप्रेसर इंजिनाचीच ताकद खातो. दुपारी बाराला मरगळलेली गाडी तारा लावून संध्याकाळी सातला चालवून पाहिली, तर ती चपळ वाटणारच. त्यात तारांचा काही हात नाही. हवेचा हा फरक किटने मिळणाऱ्या व्होल्टच्या पन्नासाव्या भागापेक्षा किती तरी मोठा आहे.

हा अनुभव आपल्याच देशातला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही साधन त्या तपासणीतून निघाले नाही. आपल्याकडे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था १९७८ पासून इंधन वाचवण्याचे उपाय सांगत आली आहे. टायरमध्ये योग्य हवा ठेवा, स्वच्छ एअर फिल्टर वापरा, वेग आवरा, गाडी उभी असताना इंजिन बंद करा, हे ते उपाय. ते फुकटातले किंवा अल्प खर्चाचे आहेत आणि त्यांचा गुण मोजून दाखवता येतो.

आता दुसरी बाजू, कारण अर्थिंगला कमी लेखून चालणार नाही. ‘गाडी सेल्फ नाही घेऊन राहिली’ ही तक्रार घेऊन पावसाळ्यात जेव्हा गाड्या वायरिंगवाल्याकडे येतात, तेव्हा दोष पुष्कळदा अर्थमध्येच निघतो. माजरी-भद्रावतीच्या पट्ट्यात कोळशाची धूळ इंजिनावर बसलेली असते. आषाढात ती ओली होते. बॅटरीतून उडणाऱ्या आम्लाच्या वाफेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. गिअरबॉक्सजवळच्या अर्थ पट्टीचा बोल्ट खालून चिखलाने भरतो आणि लगखाली, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, गंज धरतो. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग केलेल्या गाडीत तर आणखी एक दोष हमखास पाहावा. पेंटरने बॉडीला रंग मारताना अर्थच्या बोल्टची जागाही रंगवलेली असते आणि फिटरने त्या रंगावरच लग आवळलेला असतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, नवा दिसतो, पण धातूला धातू भिडलेला नसतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. छोट्या गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १५० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. अर्थच्या जोडात गंजामुळे फक्त १० मिलिओहम रोध वाढला, तरी सुमारे दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडते. त्या क्षणी बॅटरी मुळातच १० व्होल्टच्या आसपास उतरलेली असते. सेल्फच्या वाट्याला उरते ते साडेआठ. मग तो कण्हत फिरतो आणि मालक म्हणतो की बॅटरी गेली. नवी बॅटरी येते, चार दिवस जरा बरे वाटते आणि पुन्हा तेच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असे हे होते. जुन्या जीपमध्ये तर मुख्य अर्थ तुटला की करंट दुसरी वाट शोधतो आणि क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून परततो. ती तार तापते, चिकटते, कधी जळतेही. हा प्रश्न पिकअपचा राहत नाही, जिवाचा होतो. मुधोलीहून मोहर्लीकडे जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर किंवा भामरागडच्या वाटेवर रात्री गाडी बंद पडली आणि सेल्फ उचलेना, तर धक्का मारायला खाली उतरणेही सोपे नसते.

हा दोष शोधण्याची रीत साधी आहे आणि ती प्रत्येक गाडीवाल्याने एकदा तरी डोळ्यांनी पाहावी. साधा डिजिटल मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावर टेकवायची, वरच्या क्लॅम्पवर नाही, कारण क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधला जोडही तपासात आला पाहिजे. लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकवर स्वच्छ, रंग नसलेल्या जागी टेकवायची. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून दुसऱ्याने सेल्फ मारायचा आणि इंजिन फिरत असतानाच मीटर वाचायचा. आकडा ०.२ च्या आत असेल तर इंजिनाचा अर्थ उत्तम आहे. ०.५ च्या वर गेला तर कुठला तरी जोड खराब आहे. मग गाडी चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारी तार असे सगळे लावावे, लाल पिन बॉडीवर टेकवावी आणि पुन्हा वाचावे. इथे आकडा ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. दोन माणसे, पाच मिनिटे. यात गाडीचा एक स्क्रूही खोलावा लागत नाही.

दोष निघाला तर उपायही तेवढाच साधा. आधी निगेटिव्ह सोडायची. लग काढून एमरी पेपरने घासायचा, बॉडीवरची जागा चकाकेपर्यंत खरवडायची, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावायचे म्हणजे ओल शिरत नाही. पट्टीच तुटत आली असेल तर त्याच जाडीची नवी केबल लावायची. जुन्या जीपला ब्लॉकपासून चेसिसपर्यंत एक जादा जाड अर्थ देण्याची वायरिंगवाल्यांची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. मोठे अँप्लिफायर, विंच किंवा जादा दिवे बसवले असतील तर त्यांच्या भाराला शोभेल अशी अर्थ केबल द्यावीच लागते. आमचा विरोध तारेला नाही. दोष न शोधता तार गळ्यात मारण्याला आहे.

किटमुळे नुकसान तरी काय, असे कोणी विचारेल. नुकसान होऊ शकते. स्वस्त तार एक्झॉस्टजवळून नेली की तिचे आवरण वितळते. उघडी पडलेली ती तार हलून बॅटरीच्या पॉझिटिव्हला किंवा अल्टरनेटरच्या मुख्य टोकाला लागली, तर थेट शॉर्ट होतो आणि आग लागू शकते. दुसरा धोका नव्या गाड्यांचा. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. किटच्या तारा थेट बॅटरीच्या खुंटावर आवळल्या की काही करंट सेन्सरला वळसा घालून परततो. ईसीएमला बॅटरीचा चुकीचा हिशेब मिळतो आणि चार्जिंगचे गणित बिघडते. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहाचे प्रदूषण मानक सक्तीचे झाले, त्या गाड्यांचे वायरिंग अधिक नाजूक आहे. वॉरंटीतल्या गाडीत बाहेरून फेरफार केला तर कंपनी हात वर करू शकते.

मुळाशी जाऊन पाहिले तर प्रश्न तारेपुरता राहत नाही. आपण गॅरेजमध्ये सामानाचे पैसे खळखळ न करता देतो, पण निदानाचे पैसे देताना आपला हात आखडतो. अर्धा तास मीटर घेऊन जोड तपासणाऱ्या आणि शेवटी एक बोल्ट घासून गाडी बरी करणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, ‘याच्यात तू केलं काय?’ आणि तपासणी न करता दोन हजारांची चकचकीत वस्तू बसवून देणाऱ्याला तक्रार न करता पैसे देतो. ताप कशाचा हे न विचारता डॉक्टरांकडे सलाईनचा हट्ट धरणाऱ्या रोग्यासारखीच ही वागणूक आहे. अशाने जाणत्या कारागिराला उपाशी राहावे लागते किंवा तोही किट विकायला लागतो. किटच्या बाजाराला खतपाणी घालणारे आपणच आहोत. वायरिंगवाल्याने गाडी तपासून ‘काही दोष नाही’ असे सांगितले, तरी त्या तपासणीचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. ‘काही दोष नाही’ हे कळणे हीसुद्धा विकत घेण्याजोगी गोष्ट आहे.

भद्रावतीला हे पटवून देणे अवघड जाऊ नये. या गावाच्या शेजारी आयुधनिर्माणी आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत, जवळच चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. या कारखान्यांत अर्थिंग डोळ्यांनी पाहून ‘ठीक आहे’ म्हणत नाहीत. ते ठरलेल्या मुदतीने मोजतात आणि आकडा नोंदवून ठेवतात. तिथे पाळी करून घरी येणारी शेकडो माणसे आपल्या गावात आहेत. कामावर जो आकडा पाहिल्याशिवाय ती सही करत नाहीत, तो आकडा स्वतःच्या गाडीसाठीही मागण्याचा त्यांना अधिकार आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली दुकानदारांना. किट विकायचे असेल तर लावण्यापूर्वीचा आणि लावल्यानंतरचा मीटरचा आकडा ग्राहकासमोर वाचून बिलावर लिहून द्या. पण आधी टर्मिनल घासून घ्या, म्हणजे घासल्याचा गुण तारेच्या नावावर जमा होणार नाही. ॲव्हरेजचा दावा असेल तर टाकी भरून, तोच रस्ता, तीच टायरची हवा ठेवून टाकीमागून टाकी नोंद दाखवा. दुसरी सूचना जिल्ह्यातल्या आयटीआयना. मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांनी मृगाच्या आधी एक दिवस गावात मीटर घेऊन बसावे, येईल त्या काळी-पिवळीची आणि पिकअपची अर्थ तपासणी करून द्यावी. मुलांचा हात बसेल आणि गाडीवाल्यांना आपल्या गाडीचा आकडा कळेल.

तिसरी सूचना ग्राहकांना. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातून ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हापासून महाराष्ट्राच्या ग्राहकाला पावती मागण्याची शिकवण मिळत आली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करायला शुल्क लागत नाही. पण त्यासाठी हातात पक्के बिल हवे आणि त्यावर दावा लिहिलेला हवा. तोंडी सांगितलेल्या पिकअपची दाद कुठेच लागत नाही.

ज्या गाडीचा आकडा ०.२ च्या आत आहे, तिच्या मालकाने ते दोन हजार टायर, फिल्टर आणि सर्व्हिसिंगवर खर्च करावेत. ज्याचा आकडा ०.५ च्या वर आहे, त्याने जुना जोड आधी घासून घ्यावा. तरीही आकडा उतरला नाही, तरच नवी केबल घ्यावी. कोणी आकडा दाखवायला तयार नसेल, तर त्याच्याकडून तार घेऊ नये.